काही दाबू नका, बाबा

२०२५ च्या मे महिन्यातली दुपार होती. नवतपा, म्हणजे मे अखेरचे सर्वांत तापलेले नऊ दिवस, लागायचा होता, पण ऊन त्याच्यासाठी थांबलेलं नव्हतं. कूलरच्या टाकीत पाणी घालून मी नुकतीच एका शाळेच्या स्मरणिकेची पानं लावायला बसले होते, तेवढ्यात जिन्यातून वरच्या मजल्यावरच्या काकांची हाक आली. "अगं, रिकामी आहेस का? वर ये जरा. आज तर तो ऐकूनच नाही राहिला." तो म्हणजे लॅपटॉप. मुलगा पुण्याला नोकरीला लागला, त्याने नवा घेतला आणि जुना इकडे आला. आमच्या कॉलनीतल्या निम्म्या घरांत लॅपटॉपचा वारसा असा उलटाच चालतो, मुलाकडून बापाकडे. काका वीज मंडळातून निवृत्त झालेले. काटोलकडे थोडी संत्र्याची बाग आहे, तिचा सातबारा, बँकेतली शिल्लक, रेल्वेचं तिकीट आणि दुपारी जेवण झाल्यावर यूट्यूबवर नाट्यगीतं, एवढ्यासाठी त्यांना कॉम्प्युटर लागतो.

वर गेले तर स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खालून एक लाल चौकट सरकत वर येत होती, टुंग आवाज करत. ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस सापडले आहेत, ताबडतोब साफ करा.’ काका चष्मा कपाळावर घेऊन, स्क्रीनजवळ वाकून, त्या चौकटीवरची बारीक फुली शोधत आणि दाबत. ती गेली की दुसरी. पाचाचे कधी सात व्हायरस होत, कधी परत तीन. काकू आतून म्हणाल्या, "चार दिवसांपासून हेच करून राहिले. मी म्हटलं, पोळ्या लाटल्यासारखं काय ते एकामागून एक!" मी माऊस हातात घेतला. विंडोजचं अपडेट कधीचं तयार होऊन रिस्टार्टची वाट पाहत होतं. यादी उघडून बघितली, तर आधीच्या दिवाळीपासून एकही अपडेट लागलेलं नव्हतं. हे का नाही केलं, असं विचारल्यावर काका सरळ म्हणाले, "मुलाने सांगून ठेवलं आहे, कोणत्याच मेसेजला हो म्हणायचं नाही. काही दाबू नका, बाबा. मी नाही दाबलं." मग ही लाल चौकट? "ते कुठं मेसेज होतं? सातबारा शोधताना एक पान उघडलं. तिथं लिहिलं होतं, तुम्ही रोबोट नसाल तर ‘अलाउ’ दाबा. मी रोबोट नाही. दाबलं."

यात हसण्यासारखं फार काही नव्हतं, तरी मी हसले आणि काकूही हसल्या. ‘अलाउ’ दाबून काकांनी त्या साइटला नोटिफिकेशन पाठवण्याची मुभा दिली होती, इतकंच. व्हायरस वगैरे काही नव्हता. ब्राउझरच्या उजव्या वरच्या कोपऱ्यातले तीन ठिपके, त्यात सेटिंग्ज, त्यात प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स. तिथे परवानगी मिळालेल्या साइटची यादी असते. काकांच्या यादीत बँकेच्या नावाखाली तीन-चार विचित्र नावं होती, अक्षरं आणि आकडे कसेही जोडलेली. ती काढून टाकली. टुंग बंद झालं. काका थोडा वेळ कोपऱ्याकडे बघत राहिले. "झालं? मग ते व्हायरस?" नव्हतेच, म्हटलं. त्यांनी चष्मा खाली घेतला. "म्हणजे खरं जे होतं त्याला मी दिवाळीपासून नाही म्हटलं, न् खोटं होतं त्याला हो म्हटलं. आता तू मला एक सांग. ओळखायचं कसं?"

मी बरंच बोलले. पत्ता बघा, भाषा बघा, घाई करू नका. ते ऐकत होते, पण त्यांना त्यांच्या खात्यातल्या परिपत्रकासारखं एका ओळीचं उत्तर हवं होतं. ते माझ्याकडे नव्हतं.

खाली येऊन परत पानं लावायला बसले, पण मन लागेना. ‘काही दाबू नका, बाबा’ हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलं आहे. मुलं पुण्याला, हैदराबादला, बंगळुरूला आणि आईबाप इथे नागपुरात, प्रतापनगर, खामला, मानेवाड्यात. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर तब्येत, पाऊस आणि कामवाली झाली की हे एक वाक्य असतंच. त्यात काळजी आहे, नाही असं नाही. पण मुलाला तिथून स्क्रीन दिसत नाही, समजावून सांगायला वेळ नाही, म्हणून तो सगळ्यावरच सरसकट बंदी घालतो. मी त्या मुलांच्या जागी असते तर कदाचित हेच म्हटलं असतं. त्या बंदीने होतं काय, तर घरातला माणूस कॉम्प्युटरला बिचकतो. आणि बिचकलेल्या माणसाकडून हवं ते दाबून घेणं सगळ्यांत सोपं असतं. आजवर मी पाहिलेल्या बहुतेक फसवणुकींत पहिलं पाऊल भीतीचंच होतं. तुमचं खातं बंद होणार, तुमच्या नावे पार्सल सापडलं, तुमच्यावर गुन्हा दाखल झाला. २०२४ च्या ऑक्टोबरात पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये डिजिटल अरेस्टबद्दल, म्हणजे व्हिडिओ कॉलवर पोलीस असल्याचं सांगून केलेल्या खोट्या अटकेबद्दल, सांगितलं, अशी काही अटक कायद्यात नाहीच, तेव्हा काकूंनी मला मुद्दाम खाली येऊन विचारलं होतं, "खरंच नाही ना गं तशी अटक?" टीव्हीवर ऐकूनही.

माझं या यंत्राशी नातं महाल भागातल्या दुकानापासूनचं. वडिलांचं झेरॉक्सचं दुकान होतं, मी त्यात डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवून पानं लावायचं काम, आणलं. लग्नपत्रिका, निवेदनं, पतसंस्थांचे अहवाल आणि मार्च-एप्रिलमध्ये विद्यार्थ्यांचे प्रोजेक्ट. त्या दिवसांत, म्हणजे २००८-०९ च्या आसपास, दुकानातला खरा शत्रू पेन ड्राइव्ह होता. काउंटरवर दिवसभरात चाळीस-पन्नास पेन ड्राइव्ह येत, कुणाच्या गळ्यात दोरीने अडकवलेले, कुणाच्या खिशात चुरमुऱ्याच्या कणांसकट. एकाचा व्हायरस माझ्या मशीनमध्ये आणि तिथून पुढच्या सगळ्यांच्या. पेन ड्राइव्ह लावला की विंडोज आपणहून त्यातली ‘ऑटोरन’ नावाची फाइल वाचायचं आणि तीत सांगितलेलं चालवायचं. व्हायरसची फाइल कुणी शोधून उघडायची गरज नसे. मायक्रोसॉफ्टने ही सोय जुन्या विंडोजमध्ये २०११ च्या फेब्रुवारीत अपडेटने बंद केली. तोवर आम्ही शिफ्टची कळ दाबून धरत पेन ड्राइव्ह लावायचो, त्याने ऑटोरन थांबतं म्हणून. बोटाला ती सवय इतकी लागली होती की घरी भिंतीतल्या पॉइंटमध्ये मोबाईलचा चार्जर लावतानाही डावी करंगळी वाकायची.

एक प्रकार मात्र मी कधी विसरणार नाही. इंजिनिअरिंगची एक मुलगी रात्री साडेनऊला शटर अर्धं ओढलेलं असताना वाकून आत आली. सकाळी सबमिशन. पेन ड्राइव्हमधल्या सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले होते, प्रत्येकाच्या कोपऱ्यात छोटा बाण, आकार एक-दोन केबी. तिला वाटलं सगळं पुसलं गेलं. ओढणीचं टोक तोंडात धरून उभी होती. मी कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडली, लपवलेलं परत दाखवायला ‘ॲट्रिब’ लिहिलं, पुढे वजा एच, वजा आर, वजा एस, स्लॅश एस, स्लॅश डी, ड्राइव्हचं अक्षर, एंटर. दोन-तीन सेकंद काहीच नाही. मग एकेक फोल्डर जागेवर दिसायला लागलं. त्या व्हायरसने काही पुसलेलं नसायचं. खरे फोल्डर लपवायचे आणि त्याच नावाचे, तसेच पिवळे दिसणारे नकली पुढे मांडायचे, एवढाच त्याचा खेळ. लोक आपल्याच फोल्डरवर डबल क्लिक करत, तो उघडेही, आणि मागे व्हायरस चालू झालेला असे. त्याला आणखी एक भाऊ होता, ‘न्यू फोल्डर’ नावाचा. दिसायला फोल्डर, असायची ईएक्सई, म्हणजे चालणारा प्रोग्राम. विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट मुळातच लपवून ठेवतं, त्याच्यावर त्याचं पोट भरायचं. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण केली की ते शेपूट दिसायला लागतं. एकदाच करायचं काम आहे आणि मी आजही कुणाच्याही घरी गेले की चहा येईपर्यंत ते करून टाकते. हल्ली व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून येते तिच्या नावाच्या शेवटी एपीके असतं. पत्रिका पीडीएफ असेल, फोटो असेल. एपीके म्हणजे फोनमध्ये बसणारं ॲप. ज्या धंद्यात मी लग्नपत्रिका छापून घर चालवलं, त्यातच चोरांनी हात घालावा याचा मला जरा वैयक्तिक राग आहे.

त्या काळात आपण सगळ्यांनीच कॉम्प्युटरचे काही विधी ठरवून घेतले होते. शाळेच्या लॅबमध्ये चपला बाहेर. मॉनिटरवर आईने शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर. आणि काम सुरू करण्याआधी डेस्कटॉपवर राइट क्लिक करून ‘रिफ्रेश’, सलग पाच-सहा वेळा. काका हे अजून करतात, माझी मुलगीही करते, तिला कुणी शिकवलं कोण जाणे. रिफ्रेशने डेस्कटॉपवरची चित्रं परत काढली जातात, बाकी काही होत नाही. मेमरी मोकळी होत नाही, वेग वाढत नाही. रजिस्ट्री साफ करणारी, रॅम वाढवून देणारी म्हणून जी फुकट सॉफ्टवेअरं मिळतात त्यांनीही होत नाही. उलट तीच सुरुवातीला चालू होऊन मशीन जड करतात. एकावर एक दोन अँटिव्हायरस घालणारेही बघितले आहेत, दोघं एकमेकांवरच नजर ठेवत बसतात. विंडोज ८ पासून त्याचा स्वतःचा डिफेंडर आतच येतो, आणि साध्या घरगुती वापराला तो चालू असेल व ताजा असेल तर पुरतो, असं माझं स्पष्ट मत आहे. पुण्याच्या काटकर बंधूंनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरू करून अँटिव्हायरसची कंपनी उभी केली, त्याचं मराठी माणूस म्हणून मला कौतुक आहे, दुकानात मी त्यांची सीडी वर्षानुवर्षं विकत घेतली. पण ते दिवस ऑटोरनचे होते.

मुख्य गोष्ट अपडेटची आणि नेमकी तीच लोकांना कटकट वाटते.

२०१७ च्या १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ पसरला. सुमारे १५० देशांत दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटर. फाइलींना कुलूप लावायचा आणि सोडवण्यासाठी ३०० डॉलर बिटकॉइनमध्ये मागायचा. ब्रिटनच्या सरकारी दवाखान्यांत शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ज्या फटीतून तो आत शिरला ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी देऊन ठेवलं होतं. बाधित मशीनांतली बहुतेक विंडोज ७ ची होती, त्यांच्यासाठीही ते होतं. पण लावलेलं नव्हतं. आमच्या धंद्यातल्या लोकांना मी फार दोष देत नाही. जुन्या मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर एका विशिष्ट विंडोजवरच चालायचं, मागे त्याच्या परवान्याचं डोंगल खोचलेलं असायचं, अपडेट झालं आणि त्याने डोंगल ओळखलं नाही तर उद्याच्या पत्रिका कोण छापणार? म्हणून इतवारीत, महालात, अजूनही काही दुकानांत एक जुनाट मशीन विंडोज एक्सपीवर चालू असतं. त्याचं नेहमीचं अपडेट २०१४ च्या एप्रिलमध्येच थांबलं. शहाणा दुकानदार त्याला इंटरनेटची वायर लावत नाही, आणि तेवढं केलं तर ते मशीन आणखी दहा वर्षं अक्षरं जुळवत बसेना का.

काकांचं प्रकरण वेगळं निघालं. ते रोज रात्री न चुकता लॅपटॉप बंद करतात, वर भिंतीतलं बटणही बंद करतात, जुन्या शिस्तीप्रमाणे. मी टास्क मॅनेजर उघडून ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘अप टाइम’ दाखवला. मशीन कित्येक दिवस सलग चालू आहे, असं तो सांगत होता. काका चिडलेच. "खोटं बोलून राहिला हा!" पण खोटं नव्हतं. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. ‘शट डाउन’ केलं की विंडोजचा गाभा पूर्ण बंद न होता डिस्कवर जसाच्या तसा जपला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. त्यामुळे सुरू व्हायला वेळ कमी लागतो, पण आतला गाळही तसाच राहतो. ‘रिस्टार्ट’ केलं तरच सगळं मुळापासून सुरू होतं. शिवाय पॉवरच्या बटणात ‘अपडेट अँड शट डाउन’ आणि नुसतं ‘शट डाउन’ असे दोन पर्याय येतात, तेव्हा काका मुलाचा शब्द पाळून दुसराच निवडत होते. आठवड्यातून एकदा रिस्टार्ट, असं आम्ही ठरवलं. शुक्रवारी, कारण त्या दिवशी काकू भजनाला जातात आणि घरात टीव्ही मोकळा असतो.

वेगाचं दुखणं मात्र रिस्टार्टने पूर्ण गेलं नाही. लॅपटॉप सुरू होऊन ब्राउझर उघडेपर्यंत काकांचा चहा अर्धा होत असे. टास्क मॅनेजरमध्ये ‘डिस्क’च्या खाली १००% आणि बाकी सगळं निवांत. आत जुनी फिरती हार्ड डिस्क होती, मिनिटाला ५४०० फेरे घेणारी. एका जागचा मजकूर वाचून दुसऱ्या जागी जायला तिला दहा-पंधरा मिलिसेकंद लागतात; एसएसडीला, म्हणजे आत काहीच न फिरणाऱ्या डिस्कला, त्याच्या शंभराव्या हिश्शाएवढे. विंडोज सुरू होताना अशा हजारो उड्या असतात, तिथे सगळा वेळ जातो. सीताबर्डीच्या बाजारात ‘मोदी नंबर’ म्हणतात त्या गल्ल्यांत चौकशी केली तर पहिल्या दुकानातला पोरगा लॅपटॉप उघडण्याआधीच म्हणाला, "फॉरमॅट मारून देतो ना ताई." आपल्याकडे कॉम्प्युटरच्या कुठल्याही आजारावर हे एकच औषध आहे. फॉरमॅट मारला की आठवडाभर हलकं वाटतं, आणि त्यात काकांचे पंधरा वर्षांचे फोटो गेले तर तो म्हणतो, बॅकअप घ्यायला सांगितलं होतं. आम्ही फॉरमॅट मारू दिला नाही. अडीच-तीन हजारांत एसएसडी बसली, जुन्या डिस्कवरचं सगळं तिच्यावर जसंच्या तसं उतरवून घेतलं. त्या पोराने पंखा उघडला तेव्हा आतून कापसाच्या गादीचा असतो तसा करडा थर निघाला. हे खास आपल्या गावचं. चार महिने कूलरची दमट हवा आणि तिच्यासोबत बारीक धूळ, ती जाळीत बसून घट्ट होते. प्रोसेसर शंभर अंशांच्या जवळ गेला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. बाहेर ४५ असताना, लॅपटॉप पलंगावर उशीवर ठेवून, खालच्या जाळ्या झाकून कुणी म्हणत असेल की उन्हाळ्यात मशीन स्लो होतं, तर ते बरोबरच आहे. लाकडी पाटावर ठेवा, इतकं साधं आहे.

जून लागता लागता काका आपणहून खाली आले. त्यांना फोन आला होता. पलीकडचा माणूस शुद्ध हिंदीत म्हणाला, तुमच्या विंडोजमधून धोक्याचे सिग्नल येत आहेत, कॉम्प्युटरसमोर बसा. काका बसले. त्याने त्यांच्याकडून ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडवून घेतलं. तिथे लाल खुणा आणि पिवळे त्रिकोण, खालपर्यंत. त्याने विचारलं, दिसले ना? काका म्हणाले, दिसले. आणि मग त्याने स्क्रीन दाखवणारं एक ॲप उतरवायला सांगितलं, तेव्हा काकांनी फोन ठेवून दिला. ते मला इव्हेंट व्ह्यूअर दाखवायला आले होते. मी माझ्या मशीनवर तेच उघडलं. माझ्याकडे त्यांच्यापेक्षा जास्त लाल होतं. कुठलंही धडधाकट विंडोज दिवसभरात असल्या नोंदी करतच असतं, कुठली तरी सेवा दोन सेकंद उशिरा उठली, प्रिंटर सापडला नाही. सामान्य माणसाने ते पान कधी उघडलेलं नसतं, म्हणून ते दाखवून घाबरवता येतं. मायक्रोसॉफ्ट आपणहून कुणाला फोन करत नाही आणि त्याच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर नसतो, हे मी सांगायला लागले, पण काका त्यांच्याच विचारात होते. फोन का ठेवला, असं मी विचारलं. म्हणाले, "फ्यूज उडतो तो दारावर येऊन सांगत नाही, की साहेब मी उडून राहिलो, लवकर पैसे काढा. तो गुपचूप उडतो. हा फारच घाईत होता."

त्यांनी मला विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तराच्या मी इतक्या जवळ गेले नव्हते. नंतर मी घरातल्या सगळ्या खऱ्या सूचना आठवून बघितल्या. विंडोजचं अपडेट कोपऱ्यात एक ठिपका लावून बसतं, ‘उद्या आठवण करा’ म्हटलं तर मुकाट्याने जातं. डिफेंडर काही पकडतो तेव्हा सांगतो की पकडलं आणि बाजूला ठेवलं. एखादं सॉफ्टवेअर बसवताना मशीनमध्ये मोठा बदल होणार असेल तर बहुतेक वेळा अख्खी स्क्रीन अंधारते आणि मधे एकच प्रश्न येतो, कोण मागतो आहे त्याच्या नावासकट. पैसे नाहीत, उलटी मोजणी नाही, फोन नंबर नाही. आपण गाव म्हणूनही आरडाओरड्याला चटकन भुलतो. २०२४ च्या मे अखेरीस रामदासपेठेच्या स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, अर्ध्या तासात तो आकडा प्रत्येक ग्रुपवर होता, माझ्या नणंदेने मुंबईहून रडवेला फोन केला. हवामान खात्याने नंतर सांगितलं की सेन्सरच बिघडलेला होता. तोवर कुणीही खिडकीतल्या थर्मामीटरकडे बघितलं नव्हतं. काकांची कसोटीही शंभर टक्के चालत नाही, हे मला माहीत आहे. शांत बोलणारे चोरही आहेत, आणि बँका कधी कधी इतक्या भडक भाषेत केवायसीचे मेसेज पाठवतात की खरा कुठला ते त्यांच्याच माणसाला सांगता येऊ नये. पत्ता वाचणं सुटत नाहीच. सुरुवातीचं ‘https://’ सोडून पहिल्या तिरप्या रेघेच्या अलीकडचा भाग उजवीकडून वाचायचा. सातबाऱ्याच्या सरकारी साइटच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असतं आणि ते सरकारी खात्यांनाच मिळतं. काकांनी आता ती साइट बुकमार्क करून ठेवली आहे, शोधायलाच जात नाहीत. आणि पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन, लाज न बाळगता. पैसे पुढच्या खात्यांत पसरायच्या आत अडवता आले तरच हाती लागतात. तो आकडा मी त्यांच्या फ्रिजवर मोठ्या मार्करने लिहून आले, काकूंना तो फ्रिजच्या शोभेला मारक वाटतो.

पासवर्डवरून मात्र माझं आणि त्यांच्या मुलाचं पटलं नाही. काका सगळे पासवर्ड वीज मंडळाच्या एका जुन्या डायरीत लिहितात. मुलगा फोनवर म्हणाला, मावशी, ती डायरी आधी फाडायला लावा. मी म्हटलं, डायरी राहू दे. त्यांचा पासवर्ड चोरणारा माणूस कुठल्या तरी दुसऱ्या राज्यात बसलेला आहे, तो गोदरेजच्या कपाटापर्यंत येणार नाही. धोका डायरीत नसून तिच्यातल्या मजकुरात होता. सगळीकडे ‘नागपूर@१२३’, बँकेत, ई-मेलला, रेल्वेला. दर तीन महिन्यांनी सांगितलं म्हणून तो ‘नागपूर@१२४’ होई. पासवर्डात चिन्हं हवीत, आकडे हवेत, तो सारखा बदलायला हवा, या सल्ल्याचं मूळ तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेच्या २००३-०४ च्या एका दस्तऐवजात आहे. तो लिहिणाऱ्या बिल बर यांनी २०१७ मध्ये मुलाखतीत सांगितलं, त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. संस्थेनेही त्याच वर्षी धोरण बदललं: लांबी महत्त्वाची, फुटल्याचा संशय असेल तरच बदला. आम्ही ई-मेलला एकमेकांशी संबंध नसलेल्या चार शब्दांचा लांबलचक पासवर्ड दिला, कारण बाकी सगळीकडचं ‘पासवर्ड विसरलात?’ तिथेच येऊन पोचतं. वर टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी खातरजमा, लावलं. काकांनी निवडलेले चार शब्द मला माहीत आहेत, त्यातला एक म्हणजे त्यांच्या बागेतल्या बैलाचं नाव आहे आणि तो बैल केव्हाच वारला, म्हणून मुलालाही सुचणार नाही.

२०२५ च्या ऑक्टोबरच्या १४ तारखेला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट संपले. काकांचा प्रोसेसर जुना, विंडोज ११ त्याला घेत नाही. मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा अपडेटच्या योजनेत नाव नोंदवलं, ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत चालेल; पुढे काय ते तेव्हा बघू, विंडोजच्या जागी लिनक्स टाकू किंवा मुलगा आणखी एक जुना पाठवेल. दिवाळीला मुलगा आला तेव्हा त्याने हे सगळं बघितलं, त्याला बरं वाटलं की थोडं टोचलं, नीट कळलं नाही. एसएसडी बसवताना निघालेली जुनी हार्ड डिस्क मी एका प्लास्टिकच्या केसिंगमध्ये घालून दिली आहे. तिच्यावर काका दर महिन्याच्या एक तारखेला, विजेचं बिल भरायच्या दिवशी, फोटो आणि कागदपत्रं उतरवतात आणि डिस्क काढून कपाटात ठेवतात. काढून ठेवणं महत्त्वाचं, कारण जोडलेली राहिली तर वॉनाक्रायसारखा पाहुणा तिलाही कुलूप लावून जातो. मुलगा म्हणाला, बाबा, ही डिस्क आधीच म्हातारी आहे, आजकाल हे कुणी करत नाही, क्लाउडवर टाका, आपोआप होतं. काका म्हणाले, तो क्लाउड कुणाच्या घरी आहे ते मला दाखव. मुलगा म्हणाला, आणि कपाटाला आग लागली तर? काका म्हणाले, तीस वर्षं घरोघरची वायरिंग बघितली, माझ्या घरी नाही लागत आग. मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, दोन्ही करा. तर दोघंही माझ्यावरच नाराज झाले.